केळीचे पीठ कुठे पाठवायचे : युरोप की अमेरिका?

केळीचे पीठ परदेशी पाठवायचे म्हटले की जळगावच्या रावेर-यावल पट्ट्यात पहिला सल्ला ठरलेला असतो : युरोपच्या नादी लागू नका, अमेरिका बरी. मी दोन्हीकडे माल दिला आहे आणि आज माझा बहुतेक माल युरोपात जातो. प्रत्येकाचे गणित वेगळे असते, त्यामुळे हे माझ्या अनुभवापुरते समजावे. आयईसी (आयात-निर्यातीचा सरकारी क्रमांक), अपेडा या शेतमाल निर्यात संस्थेची नोंदणी, एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा केंद्रीय परवाना या गोष्टी दोन्हीकडे लागतातच, त्यांत वेळ घालवत नाही.

युरोपची भीती आहे ती फवारणीच्या अंशाची, आणि ती खोटी नाही. ज्या औषधाला वेगळी मर्यादा नेमलेली नाही, त्याला तिथे किलोमागे 0.01 मिलिग्रॅम एवढीच मुभा. क्लोरपायरीफॉस या कीटकनाशकाची मान्यता तिथे 2020 मध्ये संपली, तेही आता याच आकड्यात बसते. त्यात आपण केळी वाळवतो. पाणी उडून जाते आणि अंश पिठात एकवटतो. वाळवणीमुळे वाढलेले प्रमाण हिशेबात धरायची सोय त्यांच्या नियमात आहे, पण तो हिशेब कागदावर मांडून खरेदीदाराला पटवावा लागतो.

म्हणून मी बाजारातून रास उचलत नाही, बाग ठरवून घेतो. करप्यासाठी कधी काय मारले, सोंडकिडीसाठी बुंध्याशी काय ओतले, हे बागाईतदाराच्या वहीत पाहतो. मृगबागेचा (पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेल्या बागेचा) माल वेगळा, कांदेबागेचा (पावसाळ्यानंतर लावलेल्या बागेचा) वेगळा, आणि प्रत्येक लॉटचा नमुना एनएबीएल या राष्ट्रीय संस्थेची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत. हा खर्च टोचतो, नाही म्हणत नाही. पण आकडा छापील आहे. कंटेनर न्हावा शेवा बंदराच्या रस्त्याला लागण्याआधी अहवाल माझ्या हातात असतो आणि पुढे काय होणार याचा बराचसा अंदाज येतो. शिवाय पिठासारख्या वनस्पतीजन्य मालासाठी आपल्या कारखान्याची तिकडे आगाऊ नोंदणी लागत नाही.

अमेरिकेत ती लागते. 2002 च्या कायद्याने आलेली ही एफडीएची (तिथल्या अन्न व औषध प्रशासनाची) नोंदणी फुकट आहे आणि अवघडही नाही. दर सम वर्षी 1 ऑक्टोबर ते 31 डिसेंबर या काळात तिचे नूतनीकरण करावे लागते, नाही केले तर ती संपते. नोंदणीसाठी तिकडे राहणारा एक एजंट नेमावा लागतो, त्याची वार्षिक फी जाते. एक सांगून ठेवतो : एफडीए या नोंदणीचे कोणतेही प्रमाणपत्र देत नाही. सोनेरी शिक्क्याचे सर्टिफिकेट कोणी विकायला आला तर त्याला पैसे देऊ नका. माल समुद्रमार्गे पोहोचण्याच्या किमान 8 तास आधी पूर्वसूचना द्यायची असते, ते काम क्लिअरिंग एजंट करतो.

इथपर्यंत अमेरिका सोपीच वाटते. माझे गाडे अडले ते एफएसव्हीपीवर, म्हणजे परदेशी पुरवठादाराच्या पडताळणीच्या नियमावर. 2011 च्या अन्नसुरक्षा कायद्यातून आलेला हा नियम थोडक्यात असा : परदेशातला पुरवठादार सुरक्षित माल बनवतो की नाही, हे अमेरिकेतल्या आयातदाराने स्वतः तपासायचे. कस्टमच्या नोंदीत प्रत्येक खाद्यवस्तूसमोर त्या आयातदाराचे नाव, ईमेल आणि डन्स क्रमांक (कंपनीची ओळख पटवणारा नऊ आकडी क्रमांक) द्यावा लागतो. नियमामागचा विचार मला पटतो. पण छोट्या कारखान्यापर्यंत तो येतो कसा ते पाहा. पार्टीला, म्हणजे तिकडच्या खरेदीदाराला, नमुना आवडतो, भाव जमतो, आणि मग प्रश्न निघतो : एफएसव्हीपी आयातदार म्हणून नाव कोणाचे लावायचे? छोटा खरेदीदार म्हणतो, ती जबाबदारी माझ्यावर नको, तुम्हीच कोणीतरी नेमा. असा माणूस पैसे देऊन मिळतो, पण थोड्या मालावर ती फी बसवली की भाव हाताबाहेर जातो. मोठा खरेदीदार नाव लावायला तयार असतो, पण धोका-विश्लेषणापासून उंदरांच्या सापळ्यांच्या नकाशापर्यंत स्वतःची लांबलचक प्रश्नावली पाठवतो. पुढच्या पार्टीची प्रश्नावली पुन्हा निराळी, आधीची उत्तरे तिला चालत नाहीत. अगदी छोट्या आयातदारांना नियमात सवलत आहे. माझ्याशी बोललेल्यांपैकी कोणी ती वापरायला तयार झाला नाही, तुमच्या वाट्याला वेगळा माणूस येऊ शकतो.

एवढ्या एका गोष्टीने माझा निर्णय झाला. प्रयोगशाळेची फी मी मोजून ठेवू शकतो, समोरच्या माणसाची तयारी मोजता येत नाही. आणि फवारणीच्या बाबतीत अमेरिका सैल आहे हाही समज बरोबर नाही. एखाद्या पिकावर एखाद्या औषधाची मर्यादाच तिथे ठरलेली नसेल, तर सापडलेला अंश नियमबाह्य धरला जातो. मग युरोपचा 0.01 निदान डोळ्यांसमोर तरी असतो.

मिरचीवाल्यांना मात्र माझा कौल जसाच्या तसा लागू नाही. नंदुरबारला ओली लाल मिरची लिलावात जाते आणि पथारीवर वाळायला पडते तेव्हा अनेक शेतांचा माल एकत्र आलेला असतो. तिथून पुढे कोणत्या शेतात काय फवारले ते शोधणे जवळपास अशक्य. युरोप जादा तपासणीच्या मालाची यादी दर सहा महिन्यांनी फिरवतो आणि भारतातली मिरची त्या यादीत राहत आली आहे. निर्जंतुकीकरणासाठी वापरतात त्या इथिलीन ऑक्साइडचाही फरक मोठा : अमेरिकेत मसाल्यांवर 7 पीपीएमपर्यंत (किलोमागे 7 मिलिग्रॅम) चालते, युरोपात ते वापरायलाच बंदी आणि मसाल्यांत 0.1 पीपीएमच्या वर सापडले की माल परत. 2020 मध्ये भारतीय तिळात हेच इथिलीन ऑक्साइड सापडले आणि युरोपात माल बाजारातून मागे घ्यावा लागला, ते व्यापारात सगळ्यांना माहीत आहे. तेव्हा शेतकऱ्याशी थेट करार नसेल तर मिरचीसाठी अमेरिका आधी पाहावी, आणि वाफेवर निर्जंतुक करणारा कारखाना जवळ असेल तर दोन्ही दारे उघडी ठेवावीत.

केळीच्या पिठाला ही अडचण नाही, बाग हाताशी असते. तरीही न्यू जर्सीत वा टेक्सासात स्वतःची कंपनी असलेला, आयातदार म्हणून नाव लावायला तयार असा नातेवाईक असेल, तर माझा सगळा हिशेब बदलतो. तो नसेल तर अमेरिकेच्या पार्टीला नमुना पाठवण्याआधीच एफएसव्हीपीत नाव कोणाचे, हे ईमेलवर लेखी विचारा. उत्तर आले तरच कुरियरचे पैसे खर्च करा.