सडा की रान? कोकणात पहिल्यांदा जिओकॅशिंगला निघताना

डबा सापडला तेव्हा तो माझ्या बुटापासून दीड फुटावर होता आणि त्याच्याभोवती आम्ही दोघं पन्नास मिनिटं घिरट्या घालत होतो. कुणीतरी लपवलेला डबा जीपीएसच्या मदतीने शोधायचा, असा हा जिओकॅशिंगचा खेळ. फोन पहिल्या मिनिटापासून ‘तीन मीटर’ सांगत होता आणि ते खरंच होतं. भर सडा, म्हणजे जांभ्या कातळाचं उघडं पठार, वर उघडं आभाळ, आसपास एक झाड नाही. पण जांभ्याच्या कातळाला भोकं किती असावीत! प्रत्येक भोकात डबा असू शकतो, आणि फुरसंही. म्हणून हात न घालता काठीने चाचपत बसायचं.

दोन महिन्यांनी घाटाच्या पायथ्याला रानात गेलो. तिथे फोनवरचा बाण भुताने झपाटल्यासारखा फिरत होता, कधी वीस मीटर डावीकडे, कधी तीस मीटर मागे. डबा मात्र दहा मिनिटांत हातात आला. एक जुनं खोड, खाली ढोली आणि ढोलीच्या तोंडाशी तीन दगड रचलेले. रानात दगड आपणहून एकावर एक चढत नाहीत.

कोकणात जिओकॅशिंगला कुठून सुरुवात करायची असं कुणी विचारलं की मला हे दोन दिवस आठवतात. सड्यावर उपग्रह तुमच्या बाजूने असतात पण डोळे फसतात. रानात नेमकं उलट होतं. बाकी बरंचसं, म्हणजे पाणी, महिना, यंत्र, सोबत, हे यातूनच ठरतं.

खेळ ज्यांना अगदीच नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. नागरी जीपीएसमध्ये अमेरिकेने मुद्दाम ठेवलेली चूक २ मे २००० रोजी काढून टाकली. तोवर जागा शंभर मीटरपर्यंत इकडेतिकडे दिसायची. दुसऱ्याच दिवशी डेव्ह उल्मर नावाच्या माणसाने ओरेगॉनमध्ये बीव्हरक्रीकजवळच्या रानात एक बादली ठेवली आणि तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकले. त्या बादलीत घेवड्याचा एक डबाही होता म्हणे. आज कॅशमध्ये, म्हणजे लपवलेल्या डब्यात, खाण्याची वस्तू ठेवायला मनाई आहे, आणि आपल्याकडच्या मुंग्या नि रानडुकरं पाहता ते बरंच आहे. आत वही असते, तिच्यात नाव-तारीख लिहायची. छोटी वस्तू उचललीत तर तितक्याच मोलाची ठेवायची आणि डबा होता तसा परत लपवायचा. प्रत्येक कॅशला १ ते ५ असे दोन आकडे दिलेले असतात, एक शोधायला किती अवघड याचा, दुसरा तिथवर पोचायला किती अवघड याचा. नवखे लोक दुसऱ्या आकड्याला घाबरतात. सड्यावर घाम काढतो तो पहिला.

सडा

सड्याची मोठी सोय म्हणजे चाल. सपाट कातळावर किलोमीटरभर अंतर पंधरा मिनिटांत होतं, परतीची दिशा कायम दिसत राहते, आणि मोबाइलची एखादी दांडी कुठे ना कुठे येतेच. लहान मुलं बरोबर असतील तर मी डोळे झाकून सडाच सांगेन. ऑगस्ट-सप्टेंबरात तर कातळावर गेंद आणि सीतेची आसवं फुललेली असतात, डबा नाही मिळाला तरी कुणी कुरकुर करत नाही. फक्त ती फुलं बुटाखाली जाणार नाहीत एवढं बघायचं.

पण सडा भोळा दिसतो, भोळा नसतो. एक तर चिरेखाणी. जांभ्याचे चिरे काढून झालेली खाण म्हणजे सुरीने कापल्यासारख्या उभ्या भिंती, काठाला बहुधा कुंपण नाही आणि पावसाळ्यानंतर तळाशी हिरवं पाणी. ऑक्टोबरात गवत कमरेला लागतं तेव्हा काठ दिसतच नाही. फोनकडे बघत चालणं हा या खेळातला सगळ्यात मोठा मूर्खपणा आहे आणि सड्यावर तो महागात पडतो. शंभर पावलं चाला, थांबा, मग फोन बघा.

दुसरं ऊन. एप्रिलमध्ये एकदा साडेदहालाच माझा फोन तापून बंद पडला. आयफोनसाठी कंपनी स्वतःच ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरा असं सांगते, आणि तापलेल्या कातळावर धरलेल्या फोनला ते ३५ कधीच मागे पडलेले असतात. तेव्हापासून फोन टोपीच्या सावलीत धरतो आणि माणशी तीन लिटर पाणी नेतो. सड्यावर डिसेंबरनंतर पाण्याची आशा धरू नये.

तिसरी गोष्ट जरा गमतीची. राजापूर तालुक्यात देवाचे गोठणे इथल्या कातळशिल्पाजवळ होकायंत्राची सुई भरकटते. जांभ्यात लोह भरपूर असतं हे शाळेत शिकलेलं असतं, पण सुईचा असा हट्ट समोर बघितल्यावर पटतं. याचा आपल्या खेळाशी संबंध असा की तुम्ही उभे असता तेव्हा फोनचा बाण आतल्या चुंबकीय होकायंत्रावर वळतो, आणि चालू लागलात की जीपीएसच्या एकामागून एक मिळालेल्या जागांवरून दिशा काढता येते. बाण खुळ्यासारखा वागला तर उभं राहून फोन हलवत बसू नका. वीस पावलं सरळ चाला.

कातळशिल्पांचा विषय निघालाच आहे तर, तिथे डबा लपवायचा नाही आणि रेषांवर पाय द्यायचा नाही. उक्षी, कशेळी, बारसू, जांभरुण, रुंढे तळी, कुडोपी ही सगळी ठिकाणं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली आहेत. कशेळीचा हत्ती सुमारे अठरा मीटर लांब आहे. त्याच्या पोटात इतर प्राणी कोरलेले आहेत, ते मोजता मोजता मुलांचा तास जातो. अशा जागांसाठी या खेळात अर्थकॅश (इंग्रजी ‘अर्थ’, म्हणजे पृथ्वी) नावाचा प्रकार २००४ पासून आहे. डबा नसतोच, जागेवर जाऊन भूगर्भाबद्दलच्या प्रश्नांची उत्तरं शोधायची. माझ्या मते सड्याला शोभणारा प्रकार तोच.

रान

घाटाखालचं रान म्हणजे आईन, किंजळ, कुंभा, मधून गारंबीच्या वेली आणि वाट अडवायला करवंदीच्या जाळ्या. इथे किलोमीटरला तास लागतो, कधी जास्तच. पूर्वेला सह्याद्रीची भिंत अर्धं आभाळ झाकते, उरलेलं आभाळ पानं झाकतात. उपग्रहाचा संदेश कड्यावर आपटून उशिरा पोचतो आणि फोनची समजूत होते की आपण पलीकडच्या व्हाळात, म्हणजे ओढ्यात, उभे आहोत. नेटवर्क नसतं, म्हणून नकाशा घरूनच उतरवून घ्यायला हवा.

यावर मी करतो ते असं. अंतर तीस मीटरवर आलं की फोन खिशात. आधी आसपासची मोकळी जागा बघायची, एखादा पडीक मळा किंवा व्हाळाचं पात्र. तिथे दोन मिनिटं स्थिर उभं राहून दिशा आणि अंतर घ्यायचं, समोरचं एखादं झाड धरून ठेवायचं. मग दुसऱ्या बाजूने तसंच. दोन रेषा जिथे एकमेकींना कापतात तिथे जाऊन डब्यावाल्याच्या डोक्याने विचार करायचा. त्यानेही हात कुठे घातला असेल? ढोलीत, दगडी गडग्याच्या सांदीत, मुळांच्या बेचक्यात. रानात अशा जागा मोजक्याच असतात. सड्यावर हजार.

तरीही नाही मिळाला तर डब्यावाल्याने अ‍ॅपवर दिलेली सूचना उघडायची. ती इंग्रजी अक्षरं तेरा घरं सरकवून लिहिलेली असते, ए च्या जागी एन अशी. अ‍ॅप ती एका बोटात उलगडून देतं, पण नेटवर्क नसताना हाताने सोडवायची मजा मला आवडते. बायकोला आवडत नाही, जळवा तिच्याच पायाला आधी लागतात.

जळवा त्यामानाने गरीब. खाजकुयलीच्या शेंगा थंडीत वाळतात आणि त्यांची लव वाऱ्यावर उडते, पूर्ण बाह्यांचा सदरा त्यासाठीच हवा. डुकरांसाठी लावलेली फासकी वाटेवर असू शकतात, शेताच्या कडेला विजेची तार असू शकते. आणि एक गोष्ट ठळक सांगतो. डुकरं मारायला काही ठिकाणी गावठी बॉम्ब ठेवतात. रानात पडलेला, सुतळीने नाहीतर कापडाने गुंडाळलेला गोळा म्हणजे कॅश नव्हे. त्याला हात लावायचा नाही, काठीसुद्धा नाही. कॅशवर सहसा खेळाचं नाव लिहिलेलं असतं, डबा बहुधा प्लास्टिकचा घट्ट झाकणाचा असतो आणि तो सहसा पुरलेला नसतो, जागेच्या मालकाच्या परवानगीशिवाय खड्डा खणायला नियमातच बंदी आहे.

दक्षिण सिंधुदुर्गात, म्हणजे दोडामार्ग-बांद्याकडे, आणखी एक काळजी. तिथे माकडताप आढळलेला आहे आणि तो गोचिडीतून येतो. उन्हाळ्याच्या तोंडाशी त्या बाजूच्या रानात शिरणार असाल तर आधी जवळच्या आरोग्य केंद्रात चौकशी करा. मी स्वतः त्या महिन्यांत तिकडे जात नाही.

साप दोन्हीकडे. फरक परतीच्या वाटेचा. सड्यावर कुणाला फुरसं चावलं तर गाडी बहुतेक वेळा अर्ध्या तासाच्या आत येऊ शकते. रानात माणसाला आधी उचलून रस्त्यापर्यंत आणावं लागतं. म्हणून रानात दोघांनी जाऊ नये, तिघं हवेत, एक जखमीजवळ थांबायला आणि एक नेटवर्क शोधत धावायला. चावल्या जागी कापू नका, आवळून बांधू नका, तो भाग हलवू न देता १०८ बोलवा आणि रुग्णालय गाठा. विंचवाचंही हलक्यात घेऊ नका. लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे औषध महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रुजवलं, ते कोकणातल्या अशाच केसेस बघून.

यंत्र आणि माणसं

सड्यासाठी वेगळं यंत्र घेऊ नका, फोन पुरतो. अँड्रॉइडवर सी-जिओ हे फुकट अ‍ॅप चांगलं चालतं. रानात वरचेवर जाणार असाल तरच हातातलं जीपीएस घ्यायचा विचार करा. ईट्रेक्स २०सारख्या जुन्या यंत्रात दोन पेन्सिल सेल बसतात आणि कंपनी त्यावर २५ तास सांगते. सेल वाडीच्या दुकानात मिळतात, हा त्याचा खरा फायदा. ज्या यंत्रातून उपग्रहामार्फत संदेश पाठवता येतो ते मात्र परदेशातल्या भावाकडून मागवू नका. भारतात परवान्याशिवाय ते बाळगणं हा गुन्हा होऊ शकतो.

आता माणसांचं. सड्यावर तुम्ही दोन किलोमीटरवरून दिसता. हातात यंत्र, मान खाली, चार पावलं पुढे, दोन मागे. २०२३ मध्ये बारसूच्या सड्यावर रिफायनरीसाठीच्या माती परीक्षणावरून जे आंदोलन झालं त्यानंतर असा माणूस कोण असेल याचा लोकांनी काय अर्थ लावावा? आमच्या त्या पन्नास मिनिटांत गुरं घेऊन एक आजोबा आले आणि काठी टेकून उभे राहिले.

“काय सोदतास रे झिलांनो? सर्वेवाले मां तुमी?”

नाही म्हटलं, खेळ आहे, सगळं समजावलं. त्यांना ते अर्धंच पटलं असावं, पण ते गेले नाहीत. डबा सापडल्यावर आतली वही, एक रंगीत मणी आणि एक परदेशी नाणं त्यांनी उलटसुलट करून पाहिलं. “ह्या डब्यासाठी इतक्या लांबसून इलास?” एवढंच म्हणाले.

तेव्हापासून सड्यावर चढण्याआधी खालच्या वाडीत चहा पितो आणि काय करायला आलोय ते सांगतो. रानात कुणी विचारायला येत नाही, पण तिथे देवराई लागू शकते. तिची हद्द नकाशावर नसते, गुरवाला किंवा गावकाराला विचारली तर कळते. देवराईत डबा नको, मोडलेली फांदीही नको. आणि स्वतःचा डबा लपवायची हौस आली तर लक्षात ठेवा, इथलं रान काय नि सडा काय, बराचसा खाजगी आहे. एका सातबारावर तीस-चाळीस नावं असतात. परवानगी कुणाची घ्यायची हा प्रश्न खेळातल्या कुठल्याही कोड्यापेक्षा अवघड आहे.

किनारा हा तिसरा पर्याय लोक सुचवतात. संरक्षित किल्ल्यांत डबे ठेवू नयेत, आणि खडकातल्या डब्याला ओहोटीची वेळ गाठावी लागते. कोळ्यांचा हिशेब सोपा आहे, तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते, चतुर्थीला तीन वाजता. त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. पहिल्या खेपेला यात पडू नका.

तर निवड अशी. जून-जुलैत दोन्ही सोडा. ऑगस्ट-सप्टेंबरात फक्त सडा, तोही वाडीतल्या कुणाला बरोबर घेऊन. ऑक्टोबरात घरी थांबा, गवत आणि ऊन दोन्ही वाईट. नोव्हेंबर ते जानेवारी दोन्ही जमतं, आणि तेव्हा पहिल्या दिवशी सडाच घ्या. सकाळी साडेसातला वर पोचलात तर तिरप्या उन्हात भोकांच्या सावल्या लांब पडतात आणि नको त्या जागी असलेला दगड लगेच डोळ्यात भरतो. दुसऱ्या दिवशी रान, तिघं मिळून, दुपारी तीनला परत फिरायचंच असं ठरवून. कोकणात डबे युरोपातल्या शहरांसारखे पावलोपावली नाहीत, दिवसाला एक झाला तरी पुष्कळ. एसटीने येणार असाल तर वस्तीची गाडी बघून ठेवा. तिसरा दिवस मोकळा ठेवा, पहिल्या दोन दिवसांत हुलकावणी दिलेल्या डब्याकडे परत जायला तो लागतोच.