गिटार वाजवताना बोटांना घट्टे पाडायला स्टीलच्या तारा की नायलॉनच्या?

स्टीलच्या तारांच्या अकूस्टिक गिटारवर घट्टे लवकर पडतात, साधारण तीन-चार आठवड्यांत. पण बोटं दुखतातही तेवढीच. 12 च्या (म्हणजे 0.012 इंची) सेटमधली पहिली तार जेमतेम 0.30 मिमी जाड, ती रुतणारच. सलग तासभर बसू नका, दिवसातून तीनदा 15-15 मिनिटं वाजवा. फोड आलाच तर फोडू नका, बोटाला विश्रांती द्या. नवशिक्यांनी 10 चा सेट खुशाल लावावा, ताण कमी होतो.

नायलॉनची पहिली तार 0.7 मिमीच्या आसपास आणि ताणही बराच कमी. त्यामुळे सराव लांबवता येतो. घट्टे मात्र मऊच राहतात. पुढे स्टीलकडे वळलात की बोटं पुन्हा हुळहुळतात. स्टीलच वाजवायचं असेल तर सुरुवात तिथूनच करावी, हे आमचं ठाम मत.

बोटं फार दुखली तरी पुष्कळदा दोष तारांचा नसतोच. स्टीलच्या गिटारची जाड तार बाराव्या फ्रेटवर (मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्टीवर) 3 मिमीहून उंच असेल, तर आधी सेटअप, म्हणजे तारांची उंची जुळवून, घ्या.

निगा दोन्हीकडे सारखीच. भांडी घासल्यावर किंवा अंघोळीनंतर अर्धा तास गिटारला हात लावू नका. भिजलेला घट्टा तारेनं उचकटतो. सुटलेली कड कुरतडू नका, 600 नंबरच्या पॉलिश पेपरनं हलकेच घासा.