थाई माणसाकडे कोणती मिठाई न्यायची, फोय थाँग की खानोम चान?

बँकॉकला कुणाकडे लग्न किंवा घरभरणी आहे आणि काय न्यायचं सुचत नाहीये, तर आधी एवढंच बघा की कार्य कसलंय आणि तुम्ही स्वतः अंडं खाता का, कारण तिथे मिठाईला अर्थ असतो आणि यजमान तुम्हालाही एक तुकडा खायला लावणारच.

फोय थाँग म्हणजे सोन्याचे धागे. अंड्याचा, बऱ्याचदा बदकाच्या अंड्याचा, पिवळा बलक बारीक भोकाच्या नरसाळ्यातून उकळत्या पाकात गोल गोल सोडतात आणि लगेच काडीने उचलून शेवयांसारखी लडी घालतात. लग्नात हीच लागते, धागा लांब तसा संसार लांब, म्हणून लडी कापायची नाही, चुकूनही सुरी लावू नका. मूळ पोर्तुगीज आहे, १७व्या शतकात अयुथ्थयात, म्हणजे थायलंडच्या तेव्हाच्या राजधानीत, मारिया गुयोमार दे पिन्हा या बाईने ही मिठाई रुजवली असं मानतात, तिचा नवरा राजाचा बडा अधिकारी होता, १६८८च्या उठावात त्याला मारलं आणि हिच्या नशिबी राजवाड्याचं स्वयंपाकघर आलं. पण चव... गोड म्हणजे किती गोड, आणि मला तरी अंड्याचा वास येतोच.

खानोम चानमध्ये अंडं नाही, गाई-म्हशीचं दूधही नाही. तांदळाचं पीठ, टॅपिओका म्हणजे साबुदाण्याच्या कंदाचं पीठ, नारळाचं दूध, साखर, हिरव्या रंगाला पँडन, म्हणजे आपली आंबेमोहोराच्या वासाची ती पानं, आणि एक थर वाफवला की त्यावर दुसरा असे नऊ थर. थाईत नऊला 'काओ' म्हणतात आणि पुढे पाऊल टाकण्याचा शब्दही तसाच ऐकू येतो, म्हणून प्रमोशन, नवं घर, नवं दुकान याला हे एकदम फिट. बघून गोव्याची बेबिंका आठवेल पण ती अंड्याची आणि भाजलेली, हे तोंडात कुरडईच्या गार झालेल्या चिकासारखं लागतं. एकेक थर सोलून खायचा, त्यातच मजा आहे. फक्त त्याच दिवशी संपवा, फ्रिजमध्ये ठेवलं की कडक होतं.

लुक चुप दिसायला सगळ्यात गोंडस, इवल्या इवल्या मिरच्या-आंब्यांच्या आकाराची, वर चकचकीत अगार, म्हणजे चायना ग्रास. हेही पोर्तुगीजांचं मार्झिपानच, बदामाऐवजी मूगडाळ घातलेलं, आपल्या गोव्यात त्याच जागी काजू आला. पोरं असतील त्या घरी न्या.

मँगो स्टिकी राइस न्यायच्या भानगडीत पडू नका, तो एप्रिल-मेमध्ये गेलात तर स्वतः तिथेच बसून खायचा.

माझं विचाराल तर लग्नाला फोय थाँग, बाकी सगळीकडे डोळे मिटून खानोम चान. आणि मिक्स डबा घेणार असाल तर त्यातली मेत खानून ओळखून ठेवा, फणसाच्या आठळीसारखी दिसते, आत मूगडाळच असते पण वरून अंड्याच्या बलकात बुडवलेली असते.