अधिकृत प्लॅटफॉर्म ठरवताना: रस्टची पद्धत की पायथनची?

ओपन-सोर्स प्रोग्रामिंग भाषा दोन-तीन वर्षं टिकली की एक प्रश्न हमखास येतो: अमुक प्लॅटफॉर्मला, म्हणजे अमुक ऑपरेटिंग सिस्टिम आणि प्रोसेसरच्या जोडीला, अधिकृत सपोर्ट आहे का? आमच्या भाषेवर तो आला तेव्हा आम्ही चार मेंटेनर (प्रकल्प सांभाळणारे) होतो आणि चौघांची चार उत्तरं निघाली. मग धोरण लिहायला बसलो. समोर रस्टचं आणि पायथनचं अशी दोन धोरणं ठेवली, अधूनमधून गो भाषेचंही चाळलं. आधी रस्टच्या वाटेने गेलो, दीड वर्षाने पायथनकडे वळलो. तुम्ही आज त्याच ठिकाणी असाल तर आमचा अनुभव थोडाफार कामी येईल.

'जिथे कंपाइल होईल तिथे चालेल, यादीच नको' हा पर्याय मी इथे धरलेला नाही. यादी लिहिली नाही तरी लोक ती मनात करतातच, आणि ती प्रत्येकाची वेगळी असते.

रस्टची मांडणी वाचताक्षणी पटते. टिअर म्हणजे पायरी: टिअर १ म्हणजे चालेल याची हमी, टिअर २ म्हणजे बिल्ड होईल, म्हणजे कोडपासून प्रोग्राम तयार होईल, याची हमी, टिअर ३ म्हणजे कोड आहे पण हमी नाही. वरची पायरी ते स्वस्तात देत नाहीत. लिनक्सवरचं आर्म ६४ (६४ बिट आर्म प्रोसेसर) तिथे पोचलं ते २०२० च्या अगदी शेवटी, रस्टच्या १.४९ आवृत्तीत. ॲपलची आर्म मशीन बाजारात आली तीही २०२० मध्येच, पण त्यांना टिअर १ मिळायला ऑक्टोबर २०२४ आणि १.८२ उजाडलं. शिवाय वर चढलेल्याला खाली आणायलाही ते कचरत नाहीत. इंटेलचे मॅक अजून कितीतरी जणांच्या टेबलावर आहेत, तरी सप्टेंबर २०२५ मधल्या १.९० पासून ते टिअर २ मध्ये गेले. ही शिस्त मला आजही आवडते.

आम्हाला भुरळ पडली ती मात्र मधल्या पायरीची. टिअर २ ची आमची आवृत्ती अगदी सोपी होती: क्रॉस-कंपाइल करा (एका मशीनवर बसून दुसऱ्या प्रकारच्या मशीनसाठी प्रोग्राम बनवा), सीआयमध्ये, म्हणजे प्रत्येक बदल आपोआप तपासणाऱ्या व्यवस्थेत, एक जॉब टाका, बिल्ड हिरवं झालं की नाव यादीत. मशीन लागत नाही, टेस्ट चालवाव्या लागत नाहीत. बघता बघता ११ नावं झाली आणि ती यादी पाहून आम्हाला मनापासून आनंद व्हायचा.

लिनक्स आर्म ६४ त्यातलंच एक. बिल्ड कायम हिरवं. आमच्यातल्या दोघांकडे आर्मचे मॅक होते, त्यांवर सगळ्या टेस्ट पास व्हायच्या, त्यामुळे आर्मबद्दल कोणाच्या मनात शंकाही नव्हती. एका रिलीजनंतर तीन दिवसांनी एका वापरकर्त्याने कळवलं की कंपायलर सुरू होतो आणि तिथेच बसून राहतो. एरर नाही, क्रॅश नाही, एक कोअर मात्र १०० टक्के. अगदी रिकामी फाइल दिली तरी तेच.

आमचा लेक्सर, म्हणजे कंपायलरचा कोड वाचून शब्द वेगळे करणारा भाग, सी भाषेत लिहिलेला आहे. तो फाइलमधून एकेक बाइट वाचत होता आणि वाचलेली किंमत कॅरेक्टर प्रकारच्या व्हेरिएबलमध्ये ठेवत होता. फाइल संपली की लायब्ररी उणे १ देते. एक्स८६ वर (इंटेल-एएमडीच्या प्रोसेसरांवर) हा प्रकार चिन्हासकट असतो, म्हणून उणे १ तसाच राहतो आणि लूप थांबतो. लिनक्सच्या आर्मवर तोच प्रकार बिनचिन्हाचा. तिथे उणे १ चे २५५ होतात, ते उणे १ शी कधीच जुळत नाहीत आणि लूप चालूच राहतो. ॲपलने मात्र आपल्या आर्मवर हा प्रकार चिन्हासकटच ठेवला आहे. म्हणजे प्रोसेसरची जात एकच, पण आमच्या मॅकवर ही चूक दिसणं शक्यच नव्हतं. दुरुस्ती एका शब्दाची होती, कॅरेक्टरच्या जागी इंटिजर. बिल्डच्या लॉगमध्ये त्याबद्दलची वॉर्निंगसुद्धा होती. हिरव्या बिल्डचा लॉग आमच्यापैकी कोणीही उघडला नव्हता.

त्या वापरकर्त्याने शेवटी लिहिलं होतं, 'तुमच्या यादीत नाव आहे म्हणूनच मी प्रोजेक्ट या मशीनवर आणला.' हे वाक्य मला आजही टोचतं. टिअर २ चा अर्थ काय, ते आम्ही यादीच्या खाली नीट लिहिलं होतं. पण आमच्या लेखी त्या नावाचा अर्थ 'कंपाइल होतं' असा होता आणि वाचणाऱ्याच्या लेखी 'चालतं' असा. त्याचंच बरोबर होतं.

आणखी एक गोष्ट. ज्याने हे टारगेट, म्हणजे लिनक्स आर्म ६४, यादीत आणलं होतं तो केव्हाच दुसऱ्या कामात गुंतला होता. मग हे बघायचं कोणी, यातच दोन दिवस गेले. शेवटी एकाने आपल्या मॅकवरच लिनक्सचं व्हर्च्युअल मशीन उभं केलं आणि दहा मिनिटांत तो लूप सापडला. ते करता येण्यासारखं होतं, पहिल्या दिवसापासून. करायचं कोणी, हे मात्र कुठेच लिहिलेलं नव्हतं.

त्यानंतर पीईपी ११, म्हणजे पायथनचं प्लॅटफॉर्म-सपोर्टचं धोरण, पुन्हा वाचलं. दस्तऐवज २००२ चा, टिअरची मांडणी २०२२ मधली. मोडलं तर कोण बघणार आणि किती वेळात, याभोवती ते सगळं फिरतं. टिअर १ मोडणारा बदल मर्जच होत नाही आणि जबाबदारी सगळ्या कोअर डेव्हलपरांची. टिअर २ ला भरवशाचा बिल्डबॉट (आपोआप बिल्ड करून टेस्ट चालवणारं मशीन) हवा, किमान दोन कोअर डेव्हलपरांची नावं हवीत आणि मोडलं तर २४ तासांत दुरुस्ती, नाहीतर बदल मागे. दुरुस्त होईपर्यंत रिलीज अडतं. टिअर ३ मुळे रिलीज अडत नाही, पण तिथेही बिल्डबॉट आणि निदान एक नाव लागतंच. म्हणजे सगळ्यात खालच्या पायरीवरसुद्धा कुठेतरी एक मशीन टेस्ट चालवत असतं. मेंटेनरांची नावं रस्टही मागतं, हे सांगायला हवं. फक्त त्यांच्या मधल्या पायरीचं वचन बिल्डपाशी थांबतं.

गोचा कलही इकडेच आहे. नव्या पोर्टला (नव्या प्लॅटफॉर्मसाठीच्या आवृत्तीला) किमान दोन माणसं आणि टेस्ट चालवणारा बिल्डर हवा. त्यांचा 'ब्रोकन' हा शिक्का मला फार प्रामाणिक वाटतो: ३२ बिट आर्मवरच्या विंडोजला १.२४ मध्ये तो लागला आणि १.२६ मध्ये हे पोर्ट काढणार असल्याचं १.२५ च्या नोट्समध्येच सांगून टाकलं.

या वाटेची किंमत मोजावी लागते, हेही सांगतो. आमची यादी ११ वरून ५ वर आली. रिस्क-व्ही या प्रोसेसर प्रकारासाठीचं पोर्ट एका मुलाने काही आठवडे खपून केलं होतं. पॅच राहील पण नाव यादीतून जाईल, हे त्याला सांगताना मला वाईट वाटलं आणि तोही नाराज झाला. त्याला मी पायथनमधलं एम्स्क्रिप्टनचं (ब्राउझरमध्ये प्रोग्राम चालवण्यासाठीच्या प्लॅटफॉर्मचं) उदाहरण दिलं. ते ३.१३ मध्ये अधिकृत यादीतून गेलं आणि ३.१४ मध्ये टिअर ३ म्हणून परत आलं. आता तो जोडीला दुसरा माणूस शोधतोय.

तुमची भाषा मुख्यतः मायक्रोकंट्रोलरसाठी असेल तर कदाचित रस्टचीच पद्धत जास्त जुळेल. ज्या टारगेटवर ऑपरेटिंग सिस्टिमच नाही तिथे नेहमीच्या टेस्ट चालवणं अवघड, आणि 'बिल्ड होतं' एवढी माहितीही मोलाची असते. तुमच्यावर इतर किती प्रकल्प उभे आहेत तेही बघा. फेब्रुवारी २०२१ मध्ये पायथनच्या क्रिप्टोग्राफी पॅकेजने ३.४ पासून बिल्डसाठी रस्ट आवश्यक केलं, तेव्हा अल्फा, एचपीपीए अशा जुन्या आर्किटेक्चरवरच्या लोकांची वाट एकदम अडली. त्यांनी स्वतः रस्ट निवडलेलं नव्हतं. अशा वेळी खालच्या पायरीवर ढिलं का होईना, पण दार उघडं असणं बरं. आमच्यासारख्या चार-पाच जणांच्या प्रकल्पाला मात्र मी आधी पीईपी ११ वाचायला सांगेन.

आमच्या तक्त्यात आता प्रत्येक प्लॅटफॉर्मपुढे माणसांच्या नावांचा रकाना आहे. लिनक्स आर्म ६४ टिअर २ मध्ये आहे, दोन नावांसह, आणि त्याच्या टेस्ट खऱ्या मशीनवर रोज रात्री चालतात. फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमच्या ओळीतलं एक नाव गेल्या महिन्यात कमी झालं. पुढच्या रिलीजआधी दुसरं मिळालं नाही तर ते टिअर ३ मध्ये जाईल आणि तसं रिलीज नोट्समध्ये पहिल्याच परिच्छेदात लिहिलेलं असेल.