स्लॅबमधला 1939 चा रुपया: माझे 38 हजार कसे गेले

गेल्या दिवाळीच्या आधी मी 38,000 रुपये मोजून एक रुपया विकत घेतला. सहाव्या जॉर्जचा, 1939 सालचा, प्लॅस्टिकच्या सीलबंद डबीत, म्हणजे आपण संग्राहक जिला स्लॅब म्हणतो तिच्यात. लेबलवर ‘एमएस 63’ ही ग्रेड, म्हणजे नाणं तपासणाऱ्या संस्थेने त्याच्या अवस्थेला 70 पैकी दिलेला आकडा, खाली क्रमांक, होलोग्राम, क्यूआर कोड, सगळं होतं. नाणं मात्र 1939 चं नव्हतं. ‘ग्रेडेड आहे म्हणजे अस्सलच असणार’ असं धरून पैसे भरणारे बरेच जण माझ्या ओळखीत आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

मी कऱ्हाडचा. ब्रिटिश इंडियाचे रुपये जमवायला लागून 15 वर्षं झाली. 1840 च्या राणी छापापासून सहाव्या जॉर्जपर्यंत बहुतेक सालं माझ्याकडे आहेत. राहिला होता तो 1939. जुन्या 91.7 टक्के चांदीच्या रुपयांतला हा शेवटचा. दुसऱ्या महायुद्धात चांदी कमी पडू लागली आणि 1940 पासून रुपयात निम्मीच चांदी उरली. 1939 चे रुपये आज फार थोडे दिसतात, म्हणून त्याला भाव आहे, आणि भाव आहे म्हणून नकलाही आहेत. काही साच्यात ओतून केलेल्या असतात. काहींत 1938 चा खरा रुपया घेऊन शेवटचा 8 कोरून त्याचा 9 करतात. दोन्ही वर्षांचं डिझाइन एकच असल्यामुळे ही दुसरी लबाडी पकडणं अवघड जातं.

हे सगळं मला आधीपासून माहीत होतं, म्हणून तर मी स्लॅबमधलाच शोधत होतो.

विक्रेता ऑनलाइन भेटला. बोलायला अतिशय सभ्य. ग्रेडिंग करणाऱ्या संस्थेचं नाव मी ऐकलेलं नव्हतं. विचारलं, तर म्हणाला, “सर, पीसीजीएस आणि एनजीसी या मोठ्या ग्रेडिंग संस्था अमेरिकेच्या. तिकडे पाठवायचा खर्च, विमा, कस्टम, कोण करणार? ही आपली इथलीच सेवा आहे, निकष तेच.” बोलणं पटण्यासारखं होतं. नाणं 100 वर्षांहून जुनं असेल तर 1972 च्या पुरावस्तू कायद्यामुळे ते देशाबाहेर पाठवताच येत नाही, त्यामुळे इथल्या इथे ग्रेडिंगची गरज खरी आहे. मी क्यूआर कोड स्कॅन केला. एक पान उघडलं: 1939, एक रुपया, एमएस 63, क्रमांक बरोबर. माझं समाधान झालं. आज ते पान आठवलं की वाईट वाटतं, कारण लेबलवर जे छापलं होतं तेवढंच त्या पानावर होतं. नाण्याचा फोटो नव्हता. लेबल छापणाऱ्यानेच ते पान बनवलेलं. मग त्याने काय सिद्ध झालं? त्या क्रमांकाचं लेबल छापलं आहे, एवढंच.

जानेवारीत पुण्यात नाण्यांच्या प्रदर्शनाला गेलो तेव्हा स्लॅब बरोबर नेला. विकायचा नव्हता, एका जुन्या व्यापाऱ्याला दाखवायचा होता. त्यांनी लेबलकडे पाहिलंही नाही. म्हणाले, “साहेब, ही डबी मी जमेस धरत नाही. रॉ, म्हणजे डबीबाहेरचं सुटं नाणं समजून बघतो.” भिंग लावून बराच वेळ तारखेवर थांबले. “प्लॅस्टिकमुळे नीट कळत नाही, पण तारखेजवळची जमीन, म्हणजे आकड्यांभोवतीचा सपाट भाग, मला आवडत नाही,” एवढंच बोलून स्लॅब परत दिला.

घरी आल्यावर विक्रेत्याला फोन केला. “मी फक्त विकतो सर, ग्रेड त्यांची.” संस्थेला फोन केला. तिथून उत्तर आलं, “ग्रेड हे आमचं मत असतं. आणि डबी उघडली तर कुठलीच जबाबदारी आमची नाही.” मग मी प्रमाणपत्राची मागची बाजू पहिल्यांदा नीट वाचली. बारीक अक्षरात तेच छापलेलं होतं: हे केवळ मत आहे, भरपाई मिळणार नाही. विकत घेण्याआधी ते फोटोत मागवून वाचायला मला दोन मिनिटं लागली असती.

आमच्या गल्लीत एक वयस्कर सोनारकाका आहेत. आजीच्या तोंडी ‘रुपयाभार सोनं’ हा शब्द असायचा. हा रुपया म्हणजेच एक तोळा, 11.66 ग्रॅम, हे मी लहानपणी काकांच्या तराजूवर पाहिलं होतं. स्लॅबमध्ये असलेल्या नाण्याचं वजन करता येत नाही, कडेच्या रेघांवर बोट फिरवता येत नाही, आवाज ऐकता येत नाही. नाणं ओळखायच्या आपल्या सगळ्या जुन्या रीती ती डबी काढून घेते आणि बदल्यात एका माणसाचा शब्द देते. डबी उघडण्याआधी मी सगळ्या बाजूंनी फोटो काढले, उघडताना मुलाला व्हिडिओ काढायला लावला. काकांनी पातळ करवतीने कड कापली.

तराजूवर ठेवला. 11.6 ग्रॅम. चांदीही चोख. मी इतका मोठा सुस्कारा सोडला की काका हसले. मग त्यांनी डोळ्याला भिंग लावलं आणि म्हणाले, “हे बघ, तारखेत दोन नऊ आहेत. दोन्ही सारखे दिसतात का तुला?”

नव्हते. पहिला 9 भरीव, पोटाला गोल. शेवटचा 9 डावीकडून खरवडलेला, कडा तीक्ष्ण, आणि त्याच्याभोवती जमीन किंचित खोल गेलेली. ते लपवायला पूर्ण नाणं पॉलिश केलेलं. उजेडात तिरपं धरलं की एकाच दिशेच्या बारीक रेघा दिसत होत्या. टाकसाळीतून आलेल्या नाण्यावर चकाकी गोल फिरते, तशी इथे नव्हतीच. रुपया खरा होता, वजन खरं, चांदी खरी. खोटा होता एक आकडा. आणि तो एक आकडा पाहण्यासाठीच तर ग्रेडिंग करणाऱ्याला पैसे द्यायचे असतात. ज्याला एकाच तारखेतल्या दोन नऊंमधला फरक दिसला नाही, किंवा दिसूनही ज्याने लेबल छापलं, त्याच्या ‘63’ ला काय अर्थ आहे? 1 ते 70 च्या त्या मोजमापात 60 च्या पुढे म्हणजे न वापरलेलं नाणं. घासलेल्या नाण्याला नामांकित संस्था आकडाच देत नाहीत, ‘डिटेल्स’ लिहून परत करतात.

आणखी एक गोष्ट त्या रात्री सापडली. कुरिअरच्या पावतीवरचा विक्रेत्याचा पत्ता आणि प्रमाणपत्रावरचा संस्थेचा पत्ता, दोन्हींत इमारत एकच, मजला वेगळा. कागद दोन्ही माझ्याच कपाटात होते, एकमेकांशेजारी ठेवून मी कधी पाहिले नव्हते.

यानंतर मी या विषयात बरंच शोधलं. लहान किंवा नवी संस्था म्हणजे लबाडच, असं मी म्हणणार नाही. पीसीजीएससुद्धा 1986 साली नवीच होती आणि ती नाण्यांच्या व्यापाऱ्यांनीच काढली. फरक इतकाच, की तिच्याशी जोडलेले व्यापारी स्लॅबमधलं नाणं न पाहता त्या ग्रेडच्या भावाने घ्यायला तयार होते, आणि संस्थेची चूक झाली तर भरपाईची हमी होती. 1987 मध्ये आलेल्या एनजीसीने ग्रेड देणाऱ्यांना नाण्यांचा धंदा करायला मनाई केली. म्हणून आता अनोळखी संस्थेचा स्लॅब समोर आला की मी आधी विचारतो, चूक निघाली तर पैसे कोण देणार, आणि ते लेखी कुठे आहे? ग्रेड देणारा स्वतः नाणी विकतो का? या संस्थेने आजवर एखादं नाणं नकली किंवा घासलेलं म्हणून परत केलंय का? जिच्याकडून कधीच ‘नाही’ ऐकू येत नाही, तिच्या ‘हो’ ला मी आता पैसे मोजत नाही. शेवटी, विक्रेता सोडून दुसऱ्या दोन व्यापाऱ्यांना फोन करायचा: या डबीतलं नाणं या ग्रेडने तुम्ही घ्याल का?

मोठ्या नावाच्या बाबतीतही थोडं थांबा. पीसीजीएस आणि एनजीसीच्या हुबेहूब नकली डब्या बाजारात आहेत, आणि त्यावर खऱ्या नाण्यांचे क्रमांक छापलेले असतात. त्यांच्या साइटवर क्रमांक टाकला की पुष्कळदा त्या नाण्याचा फोटो येतो. ग्रेड जुळली म्हणून थांबू नका. डाग, ओरखडे, रंगाची छटा फोटोशी जुळते का ते पाहा.

पैशांचं म्हणाल तर मी उशीर केला. ऑनलाइन फसवणुकीसाठी 1930 वर लगेच फोन केला तर रक्कम अडवता येण्याची शक्यता असते. माझ्या व्यवहाराला दोन महिने होऊन गेले होते. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. विक्रेत्याने ‘ग्रेडिंग आमचं नाही’ असं उत्तर पाठवलं. आता जिल्हा ग्राहक आयोगाकडे जातो आहे. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी नाही आणि आपण राहतो त्या जिल्ह्यात ती करता येते, हे अनेकांना माहीत नसतं. दोन्ही पत्ते, व्हिडिओ आणि कापलेली डबी मी जपून ठेवली आहे.

रुपया साध्या कागदी होल्डरमध्ये आहे. त्यावर शाईने लिहिलं आहे: ‘1938. शेवटचा आकडा बदललेला.’ आतल्या बाजूलाही तेच लिहून ठेवलं आहे, म्हणजे माझ्यामागे मुलाने संग्रह विकायला काढला तरी हा कुणाला 1939 म्हणून जाणार नाही.