जेल स्वतःचं बांधावं, की शेजारच्या काउंटीत जागा भाड्याने घ्यावी?

अमेरिकेत नेब्रास्का राज्यात प्रॅक्टिस करणाऱ्या एका डॉक्टर मैत्रिणीचा गेल्या आठवड्यात फोन आला. त्यांच्या काउंटीत (म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या विभागात) नव्या जेलसाठी कर्जरोखे काढायचे का, यावर मतदान आहे. "तुमच्याकडे झालंय ना हे? मग काय करू सांग." तासभर बोललो. तेच जरा नीट लिहून काढतोय, कारण मका-सोयाबीनच्या या पट्ट्यात आपली बरीच माणसं इस्पितळांत डॉक्टरकी करताहेत आणि हा प्रश्न आज ना उद्या त्यांच्याही मतपत्रिकेवर येईल.

मीही डॉक्टर, आणि आमची काउंटी शेजारच्या आयोवा राज्यातली, दक्षिणेकडची. कोर्टामागचं जुनं जेल दगडी. पुढच्या खोल्यांत शेरीफचं, म्हणजे काउंटीच्या पोलीसप्रमुखाचं, कुटुंब राहायचं आणि कैद्यांचा स्वयंपाक शेरीफची बायको करायची, त्या काळातलं. राज्याच्या तपासनिसाने ते वापरायला मनाई केली. तेव्हापासून आमचे कैदी ६५ मैलांवरच्या काउंटीत जातात आणि दर माणशी, दर दिवसाचं बिल येतं. मी नागरिकांच्या सल्लागार समितीवर होतो. दोनदा मतदान झालं, दोन्ही वेळा मत दिलं; एकदा नाही, एकदा हो.

पैशाचं आधी बोलू, कारण सभेत सगळे तेवढंच बोलतात. भाड्याची बाजू इथे खरंच भक्कम आहे. इमारतीचं कर्ज कधीतरी फिटतं, पगार फिटत नाहीत. एका जागेवर चोवीस तास माणूस ठेवायचा तर आठवड्याचे १६८ तास होतात. चाळीस तासांच्या हिशेबाने चार माणसं लागतात, रजा-आजारपण धरलं की पाच. कंट्रोल रूममध्ये एक आणि कोठड्यांपाशी एक म्हटलं, तर दहा पगार झाले. त्यात बाई कैदी असली तर बाई कर्मचारी हवीच. आमच्या गावात इस्पितळाला नर्स मिळत नाही, तिथे ही दहा माणसं कुठून आणणार, हा प्रश्न मीही विचारला होता.

औषधोपचाराच्या खर्चाची भीती दोन्ही पक्ष घालतात. कैद्यावर उपचार करणं सरकारला बंधनकारक आहे, हे सुप्रीम कोर्टाने १९७६ सालीच सांगितलं. दुसरीकडे, माणूस आत गेला की मेडिकेडचे, म्हणजे गरिबांच्या सरकारी आरोग्यविम्याचे, पैसे जवळजवळ थांबतात. एखाद्या डायलिसिसच्या पेशंटने छोट्या काउंटीचं वर्षाचं बजेट कोलमडू शकतं. पण करार नीट वाचा. आमच्या करारात बाहेरच्या इस्पितळाचं बिल पाठवणाऱ्या काउंटीकडेच परत येत होतं. म्हणजे या बाबतीत भाड्याने घेऊन आम्ही काही वाचवत नव्हतो.

पहिल्या वेळी मी विरोधात मत दिलं, त्याचं कारण आकार. आराखडा आमच्या गरजेच्या कितीतरी पट मोठा होता. "उरलेल्या खाटा मार्शल्सना (केंद्र सरकारचे कैदी सांभाळणाऱ्या खात्याला), इतर काउंट्यांना भाड्याने देऊ, जेल स्वतःचा खर्च स्वतः काढेल," असं सांगितलं जात होतं. असं कोणी सांगितलं की मला माँटानातलं हार्डिन आठवतं. तिथे २००७ साली २.७ कोटी डॉलर खर्चून ४६४ खाटांचं जेल उभं राहिलं. कैदी येतील म्हणून बांधलं, कोणी आलंच नाही. रोख्यांचे हप्ते थकले आणि २००९ साली गावाने ग्वांतानामोच्या लष्करी तुरुंगातले दहशतवादाचे संशयित कैदी आम्हाला द्या म्हणून हात पसरला. इतकी वेळ सगळ्यांवर येईल असं नाही. पण गावाच्या मिळकतकरावर असला जुगार खेळू नये, असं मला वाटतं. शिवाय रिकामी खाट डोळ्यांसमोर असली की ती भरण्याकडे मन झुकतं, शेरीफ कितीही भला असो.

मग दुसऱ्या वेळी हो का म्हणालो?

जानेवारीतली रात्र होती, बाहेर शून्य फॅरनहाइट, म्हणजे उणे अठरा सेल्सिअस. पहाटे दोनच्या सुमारास एका ट्रकवाल्याने एका माणसाला आमच्या इमर्जन्सीत आणून सोडलं. अंगात पातळ टी-शर्ट, त्यावर विंडचीटर, पायात कापडी बूट, हातात सामानाची कागदी पिशवी. ऑक्टोबरातल्या उबदार दुपारी पकडला होता, जामिनाचे पैसे नव्हते म्हणून आत राहिला. खटला काढून घेतला गेला आणि रात्री अकराच्या पुढे, ज्या कपड्यांत आत गेला त्याच कपड्यांत बाहेर. फोन बंद पडलेला, बस नाही, ६५ मैलांवर घर. महामार्गाच्या कडेने चालत निघाला. मी बूट काढले तेव्हा मोजा कातडीला चिकटला होता आणि डाव्या पायाची तीन बोटं मेणासारखी पांढरी, टणक. कोमट पाण्यात पाय धरला की खरी कळ तेव्हा सुरू होते. तो ओरडला नाही. फक्त विचारत राहिला, "माझी नोकरी राहिली असेल का हो?"

पकडून नेताना सरकारी गाडी होती. सोडताना मात्र ज्याचं त्याने बघायचं. भेटलेल्या प्रत्येकाला मी विचारलं, ही जबाबदारी कोणाची? ठेवून घेणारी काउंटी म्हणे, आमचा करार खाटेपुरता. आमचे लोक म्हणाले, सुटला की तो आमचा कैदी नाही. दोघंही कागदावर बरोबर होते. त्यानंतर सुटून थेट आमच्याकडे आलेले आणखी पेशंट पाहिले. कोणाच्या इन्सुलिनचा पत्ता नाही, कोणाच्या फिटच्या गोळ्या तिथेच राहिलेल्या. मी काही मोजदाद ठेवली नाही, डॉक्टर म्हणून जे दिसलं ते सांगतोय.

देशभरातल्या जेलांमध्ये दहापैकी सातजण कच्चे कैदी असतात, दोष सिद्ध न झालेले. त्यांची आई, मालक, मोफत मिळालेला वकील, सगळे आपल्याच गावात. आयोवात चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करायचं असतं. ते व्हिडिओवर उरकता येतं, हे मान्य. पण वकिलाला अशिलाशी दार लावून बोलायचं असतं, आणि त्यासाठी जाऊन-येऊन १३० मैल कोण किती वेळा जाणार? रात्री शेरीफचा एक डेप्युटी (हाताखालचा पोलीस) कैदी पोचवायला गेला की तो परत येईपर्यंत काउंटीत एकच गाडी उरते, तेही आहेच.

तुमचं शेजारचं जेल वीस-पंचवीस मैलांवर असेल, किंवा एका वेळी दोन-तीनच कैदी असतील, तर बांधू नका, असं मी मैत्रिणीलाही सांगितलं. वेस्ट व्हर्जिनियात ५५ काउंट्यांत मिळून दहा विभागीय जेलं आहेत, तोही एक मार्ग. मतदानाआधी वर्षभराची यादी मागा: कोण, कशासाठी, किती रात्री. आमची यादी वाचली तेव्हा कोर्टाची तारीख चुकवलेले आणि दंड थकलेलेच बरेच निघाले. समन्सवर भागेल अशांना वगळून मगच खाटा मोजा. आमच्या दुसऱ्या आराखड्यातल्या खाटा त्यामुळे निम्म्याहून कमी झाल्या आणि आयोवात लागतात ती ६० टक्के मतं कशीबशी मिळाली.

नकाशात बाहेरच्या दाराला लागून एक खोली मी हट्टाने घालायला लावली. हीटर, बाक, फोनचा चार्जर, फुकट लावता येईल असा एक फोन आणि हिवाळी कोटांचं कपाट. दार थेट चौकात उघडतं, तिथून आमचं इस्पितळ दोन गल्ल्यांवर. तुमच्या नकाशात अशी खोली आहे का, ते आधी बघ, म्हटलं तिला.