'डेस्पराडो': सात महिने ऐकल्यानंतर

ईगल्स हा अमेरिकन रॉक बँड म्हटलं की आपल्याकडे गाडी त्यांच्या 'हॉटेल कॅलिफोर्निया' या गाण्यावर येऊन थांबते. माझीही तिथेच थांबली होती. सात महिन्यांपूर्वी त्यांच्या 'डेस्पराडो' या अल्बमची जुनी एलपी घेतली, तीही फक्त शीर्षकगीतासाठी. पहिले कितीतरी आठवडे पहिल्या बाजूचं ते शेवटचं गाणं लावायचो, बँडमधल्या डॉन हेन्लीचा आवाज ऐकायचो आणि रेकॉर्ड परत कव्हरात. बाकी सगळं तसंच राहून जात होतं.

मग एकदा मागचं कव्हर नीट पाहिलं. ५ ऑक्टोबर १८९२ला डाल्टन टोळीने कॅन्ससमधल्या कॉफीव्हिल गावात एकाच वेळी दोन बँकांवर दरोडा घातला. गावकऱ्यांनी बंदुका उचलल्या, टोळीतले चौघे तिथेच मेले आणि त्यांच्या प्रेतांचा फोटो काढला गेला. १९७३च्या या अल्बमसाठी बँडने हुबेहूब तसाच फोटो काढून घेतला, स्वतः प्रेतांसारखं जमिनीवर पडून. एलपीच्या आकारात तो अंगावर येतो. मोबाइलवरच्या एवढ्याशा चौकोनात काहीच कळत नाही.

तेव्हापासून क्रमाने ऐकतोय. दुसरी बाजू 'सर्टन काइंड ऑफ फूल'ने उघडते, गायलंय बँडमधल्याच रँडी माइझनरने. एका गरीब पोराला दुकानाच्या काचेमागे एक चकचकीत वस्तू दिसते. तो ती रानात नेतो, दिवसच्या दिवस हात बसवत राहतो. वस्तूचं नाव गाण्यात कुठेच येत नाही! बंदूक म्हणा, गिटार म्हणा, दोन्ही चपखल बसतं. हे ध्यानात आलं त्या रात्री मी ते गाणं चार वेळा ऐकलं. अल्बमभर दरोडेखोरांची गोष्ट सांगत, त्यांच्या आडून ही बँडमधली मुलं स्वतःबद्दलच बोलतायत.

त्यालाच लागून 'डूलिन-डाल्टन' या अल्बमच्या पहिल्या गाण्याची चाल बँडमधल्या बर्नी लेडनच्या बँजोवर येते, तीही जेमतेम मिनिटभर. पहिल्या बाजूला माउथऑर्गनवर ऐकलेली तीच चाल. शेवटी ती पुन्हा येते आणि 'डेस्पराडो'त मिसळते, तेव्हा घसा दाटतो.

सगळंच जमलंय असं नाही. 'आउट ऑफ कंट्रोल'चा आरडाओरडा या गोष्टीला मानवत नाही. माझी प्रतही 'एकदम क्लीन' म्हणून मिळाली होती, पण 'बिटर क्रीक'च्या शांत जागांवर टिकटिक ऐकू येते. डिस्टिल्ड वॉटरने पुसल्यावर थोडी कमी झाली.

अमेरिकेत हा अल्बम खपाच्या यादीत ४१व्या क्रमांकाच्या वर गेला नाही आणि बँडने शीर्षकगीत सिंगल म्हणून, म्हणजे वेगळी रेकॉर्ड म्हणून, काढलंच नाही, याचं मला अजून वाईट वाटतं. हल्ली वेळ कमी असला तर मी थेट दुसरी बाजूच लावतो.